किती वाजता निघालात?

आमच्या माण तालुक्यात विहीर परसात मोजतात. माणसानं हात वर करून उभं राहायचं, पायापासून बोटांच्या टोकापर्यंत झाला एक परस. सहा परस विहीर, आठ परस विहीर, आणि तळाला हातभर पाणी, तेही धड उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. त्यामुळे आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी बर्फाची गोष्ट सांगितली तीही परसातच. "रस्त्याच्या दोन्ही अंगाला चार-चार परस पाणी हुबं असतंया. विहीर उलटी करून ठेवल्यावानी. आन् खाली थेंब पडंल तर शप्पथ."

पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणाचाच यावर विश्वास बसला नाही. एकानं मात्र हिशेबी मनानं विचारलं, "मग त्यातलं दोन परस हिकडं का आणत न्हाईस?"

आप्पा ग्रेफमध्ये डोझर चालवत. ग्रेफ म्हणजे जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, सीमा सडक संघटनेचे हातपाय. गावाला वाटायचं ते मिल्ट्रीत आहेत, आणि आप्पांनीही हा गैरसमज फारसा मनावर घेऊन कधी खोडला नाही. संघटना १९६० सालची. हिमाचलातला तिचा 'दीपक' प्रकल्प त्यानंतर वर्षभरानं सुरू झाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आप्पांची तिथे बदली झाली, रोहतांगवर. मनालीच्या उत्तरेला ३,९७८ मीटर उंचीची ही खिंड. अलीकडे कुलूचं देवदारांनी भरलेलं खोरं, पलीकडे लाहौल. नोव्हेंबरच्या आगेमागे खिंड बंद झाली की मे-जूनपर्यंत गाडी जायची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आप्पांची टोळी खालच्या अंगानं डोझर घेऊन बर्फ कापत चढायला लागायची.

त्यांच्या गोष्टींत शौर्य कमी आणि कटकटी जास्त असत, म्हणून मला त्या खऱ्या वाटायच्या. डिझेल गोठायचं. सकाळी इंजिनाच्या पोटाखाली आग धरल्याशिवाय ते खोकायचंसुद्धा नाही. दुमक्याहून आलेले मजूर, ज्यांनी आप्पांइतकाच कधी बर्फ पाहिला नव्हता, फावडी घेऊन डोझरच्या पुढे चालायचे. राहनी नाल्याच्या वळणावर सगळ्यांत उंच भिंत निघायची, तिथेच ते चार परस. सगळ्यांत अवघड काम बर्फ कापण्याचं नव्हतंच, मुळात रस्ता कुठे आहे ते सापडवण्याचं होतं. पांढऱ्या उतारावर खुणेला काही नाही. पहारीनं टोचत जायचं, कठड्याचा दगड लागला की हायसं वाटायचं. आणि दगड लागला नाही तर पुढे दरी आहे की रस्ता, हे जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात. "तितं रस्ता दिसत न्हाई," आप्पा म्हणायचे, "आठवावा लागतो."

एक गोष्ट मात्र ते जाता जाता सांगायचे आणि तीच माझ्या डोक्यात कुसळासारखी रुतून बसली. पलीकडची माणसं यायची, चालत. पाठीला ओझी बांधलेली, रांगेनं, सकाळी सकाळी. "आमचा डोझर सुरू व्हायच्या आधी ती उतरून गेल्याली असायची. आमी त्यास्नी चा द्यायचो."

माणसं जर आधीच खिंड ओलांडून गेलेली असतील, तर आप्पा उघडत होते तो रस्ता कुणाचा? लहानपणी मी हे विचारलं तेव्हा त्यांनी "गाड्यांचा" असं उत्तर दिलं आणि विषय मिटवला.

आप्पा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी तिकडे गेलो. खिंडीखालच्या बोगद्याचं काम तेव्हा चालू होतं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. चार दिवस केलाँगला राहायचं, आप्पांचा रस्ता बघायचा, परत यायचं, असा बेत. केलाँग हे लाहौल-स्पितीचं जिल्ह्याचं गाव, तीन हजार मीटरच्या थोडं वर, भागा नदीच्या काठच्या उतारावर. तिसऱ्या रात्री बर्फ पडायला लागला, चौथ्या दिवशी खिंड बंद, आणि मी अठरा दिवस अडकलो.

ज्या घरात उतरलो होतो तिथले आजोबा पंचाहत्तरीचे. नातवंडं त्यांना 'मेमे' म्हणत. मीही तेच उचललं. पहिल्या दिवशी दारात जीपमधून उतरलो तेव्हा मेमेंनी 'जुले' केलं आणि हिंदीत विचारलं, "किती वाजता निघालात?" आपल्याकडे विचारतात तसं 'कुठले तुम्ही', 'प्रवास कसा झाला' असं काही नाही. मी म्हटलं, मनालीहून आठला. त्यांनी मान हलवली, ती मला नापसंतीची वाटली. पुढच्या दिवसांत बघितलं तर दारात येणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न: दूध घेऊन येणाऱ्या मुलीला, खालच्या गावाहून आलेल्या साडूला, तांदीच्या पंपावरून चालत आलेल्या ड्रायव्हरला. मला वाटलं, म्हाताऱ्याची सवय असेल.

बर्फात घरं बंद होतात ही माझी समजूत पहिल्या दोन दिवसांतच उडाली. पहाटे सगळे आधी छपरावर. सपाट मातीची छपरं, त्यावरचा बर्फ लाकडी फावड्यांनी ढकलला नाही तर घर बसायचं. मग आपल्या दारापासून शेजाऱ्याच्या दारापर्यंतची वाट, तिथून पुढची त्यानं करायची. कंबरभर खोल, एका माणसाच्या रुंदीची ती वाट दोन तासांत गावभर फिरलेली असे. शेती बंद, गुरं तळमजल्यावर, तंदूरच्या लोखंडी शेगडीभोवती सगळी घरं जागी. माणसं एकमेकांकडे उठबस करतात ती याच दिवसांत. हालडा, फागली, गोची हे तिथले सण जानेवारी-फेब्रुवारीतले, म्हणजे ऐन बर्फातले. आणि सण म्हणजे या घरून त्या घरी जाणं. मेमे म्हणाले, उन्हाळ्यात आम्हाला भाऊ भेटत नाही, तो त्याच्या मटाराच्या शेतात, मी माझ्या.

संध्याकाळी तंदूरपाशी ते जुनं सांगत. रस्ता लाहौलमध्ये आला साठच्या दशकात. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं मेमेंच्या आठवणीत होती, आणि त्यांच्या वडिलांची आणखी चाळीस.

तेव्हा अनेक घरांतली निम्मी माणसं हिवाळ्यात कुलूकडे उतरत, निम्मी गुरांपाशी राहत. उतरणारे वेळेवर उतरत. परतणारे मात्र खिंड उघडायची वाट बघत बसायचे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये निघायचे. पायात पूला, म्हणजे गवताचे किंवा भांगेच्या वाखाचे विणलेले जोडे. कातडं बर्फात ओलं होऊन लाकडासारखं होतं, गवत होत नाही आणि घसरतही नाही. एक जोड जेमतेम एक चढण टिकायचा, म्हणून कमरेला आणखी दोन जोड लटकावलेले. आत लोकरीचे मोजे. हे मोजे विणायला शिकवलं ते १८५० च्या दशकात केलाँगला आलेल्या मोराव्हियन मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या बायकांनी. पन्नास वर्षं प्रयत्न करूनही ख्रिस्ती झाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोजे मात्र घराघरांत गेले. मिशनच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात लिहिलं असेल कोण जाणे.

"पण जोडे, मोजे, काठी हे सगळं नंतर," मेमे म्हणाले. "आधी रात्र."

त्यांचं सगळं शास्त्र या एका शब्दात होतं. रात्रीच्या थंडीत बर्फाच्या अंगावर कडक पापुद्रा धरतो. तो माणसाचं, ओझ्यासकटचं, वजन पेलतो. सूर्य वर आला की तोच पापुद्रा दगा देतो, पाय मांडीपर्यंत जातो आणि अर्ध्या कोसाला अर्धा दिवस लागतो. उतारावर अडकून राहिलेला बर्फही उन्हानंच सैल होतो. आणि दुपारकडे खिंडीत वारा सुटतो. या तीन गोष्टींच्या आत माथा ओलांडून खाली पोचायचं, म्हणजे निघायचं मध्यरात्रीनंतर दोन-तीनला. कोकसर हे या बाजूचं खिंडीखालचं शेवटचं गाव. तिथून माथा आठशे मीटरहून अधिक उंचीवर. कोकसरच्या सराईत सगळे कपड्यांनिशी आडवे व्हायचे. घड्याळ नव्हतं. टोळीतला जाणता बाहेर जाऊन बर्फावर टाच मारायचा. आवाज 'टण्ण' आला तर सगळ्यांना उठवायचं. 'भस्स' आला तर परत येऊन झोपायचं. असे आठ-आठ दिवस कोकसरला काढलेले लोक असत.

पुढे चालणारा शंभर पावलं वाट फोडायचा, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जायचा. नाल्याच्या तोंडाखालून जाताना एकेकानं, अंतर ठेवून, न बोलता. तिकडे वरून सुटून येणाऱ्या बर्फाच्या लोंढ्याला 'ग्लेशियर' म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातली हिमनदी हजारो वर्षं जागची हलत नाही असं वाटावं इतकी सावकाश सरकते; यांची 'ग्लेशियर आ गई' म्हटल्यावर पळायलाही सवड नसते. आजारी माणूस असेल तर किल्ट्यात, म्हणजे पाठीवरच्या निमुळत्या टोपलीत, बसवून त्याला आळीपाळीनं न्यायचं. त्याचं तोंड मागे. "त्याला उतार दिसायचा, आम्हाला चढ," मेमे म्हणाले आणि हसले.

त्यांच्या मामांची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. सहा जण कुलूकडून परतत होते. मढीला, म्हणजे दक्षिणेकडच्या शेवटच्या मुक्कामावर, निघताना एकाच्या ओझ्याचा पट्टा तुटला. पट्टा शिवला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं आता उजाडतंच आहे तर चहा करूनच निघू. दीड तास गेला असेल. माथ्यावर ते पोचले आणि वारा सुटला. पलीकडे कोकसरला दोघे आले. बाकीचे जूनमध्ये मेंढ्या घेऊन वर आलेल्या गद्दी मेंढपाळांना सापडले, एकमेकांना टेकून बसलेले. मामांच्या पायातले पूले कोरे होते, नुकतेच बदललेले.

भोटीत 'रो' म्हणजे प्रेत आणि रोहतांग म्हणजे प्रेतांचा ढीग, असं तिकडे सांगतात. नावांच्या अशा फोडी मला सहसा नंतर जुळवलेल्या वाटतात. त्या रात्री मात्र मी काही बोललो नाही.

उलट मीच त्यांना एक गोष्ट सांगितली, वाचलेली. १८६३ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन रोहतांगवरून गेले, चंद्रा नदीवरचा डहाळ्यांचा झुलता पूल त्यांनी ओलांडला, त्या दमणुकीनं हृदयाचं दुखणं बळावलं आणि २० नोव्हेंबरला धर्मशाळेत ते वारले. मेमेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब दुपारी निघाले असतील," ते म्हणाले.

रस्ता आला, ग्रेफ आली, तरी हिवाळा होता तसाच राहिला. मार्च १९७९ मध्ये कित्येक दिवस बर्फ थांबला नाही आणि लाहौलमध्ये ठिकठिकाणी ग्लेशियर येऊन दोनशेहून जास्त माणसं गेली. मेमे त्याबद्दल फार बोलत नसत. बोट दाखवून 'त्या नाल्यात, आणि त्या' एवढंच. आप्पा त्याच सुमाराला तिथे रुजू झाले होते. त्यांनी घरी याचा उच्चार कधीच केला नाही. मी त्यांच्या ट्रंकेतली पत्रं नंतर काढून पाहिली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या पत्रात 'काम जास्त आहे, तब्येत बरी आहे, विहिरीचं काय झालं' एवढंच होतं.

पुढे सरकारी हेलिकॉप्टर आलं. केलाँगजवळ स्टिंगरीच्या हेलिपॅडवर ते उतरायचं, हवा असेल तर. अर्ज करायचा, यादीत नाव लागायचं, रोगी आधी, गरोदर बायका आधी. मेमेंचा नातू परीक्षेसाठी त्यातून भुंतरला गेला आणि परतीच्या यादीत नंबर लागेपर्यंत सात आठवडे मावशीकडे राहिला. पास झाला, पण मावशीशी बोलणं बंद झालं.

मला यादीत जागा मिळण्याचं कारणच नव्हतं; मी धडधाकट होतो आणि चुकून आलो होतो. अठराव्या दिवशी हवा उघडली. कोकसरपर्यंत जीप जात होती. तिथे आणि पलीकडे मढीला, खिंड बंद होण्या-उघडण्याच्या दिवसांत, तेव्हा सरकारचं बचाव पथक असे. चालत ओलांडणाऱ्यांनी तिथे नाव लिहायचं आणि त्यांनी सोडलं तरच जायचं. मेमेंनी स्वतःचे दोन मोजे दिले. जिन्यात उभं राहून नातवाला तीनदा बजावलं, याला तीनच्या आत काढ.

अकरा जण होतो. सहा नेपाळी मजूर, दोन मास्तर, बहिणीच्या लग्नाला निघालेला एक मुलगा, नातू आणि मी. कोकसरहून सव्वातीनला निघालो. नातवानं दाराबाहेर टाच मारली, आणि तो आवाज मी ऐकला. थाळीवर नाणं पडावं तसा. पायाखाली बर्फ असा होता की बूट त्यात जायचेच नाहीत. फरसबंद अंगणातून चालावं तसं आम्ही डोंगर चढत होतो. चांदणं होतं, विजेरीची गरज नव्हती. रस्त्याच्या वळणांचा काही संबंध नव्हता. गाडीला जिथे पंधरा वळसे लागतात तिथे आम्ही नाकासमोर वर. रस्ता कुठे आहे ते मी दोनतीनदा विचारलं. "नीचे," नातू म्हणाला, आणि त्यानं काठीनं पायाखाली दाखवलं.

आप्पांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं, त्यांच्या रस्त्याच्या डोक्यावर उभं राहून मिळालं. आप्पांचं सगळं आयुष्य बर्फ बाजूला काढण्यात गेलं. या लोकांचा रस्ता बर्फाचाच होता. उन्हाळ्यात तो नसतो. आप्पा बर्फ परसात मोजत होते, हे लोक तासांत.

सातच्या थोडं पुढे माथ्यावर आलो. एका पाटीची वरची कड, चार बोटं रुंद पिवळी पट्टी, बर्फाबाहेर होती. तिथे मी बसणार होतो, निदान एक मिनिट. नारळ नव्हता, पण खिशात घरून आणलेला गुळाचा खडा होता. नातवानं बसू दिलं नाही. मी चालता चालताच तो गूळ खाल्ला. राहनी नाल्याशी उतरेपर्यंत बूट घोट्यापर्यंत बुडायला लागले होते, आणि मढीला दहाला पोचून मागे पाहिलं तर माथ्यावरून पांढऱ्या धुळीचा पिसारा उठलेला. आम्ही तीन तासांपूर्वी जिथे होतो तिथे.

३ ऑक्टोबर २०२० ला बोगदा सुरू झाला. ९.०२ किलोमीटर. मनाली-केलाँग अंतर ४६ किलोमीटरनी कमी झालं. या बोगद्याची मागणी घेऊन १९९८ मध्ये लाहौलच्या ठोलंग गावचे टशी दावा आपले जुने मित्र अटलबिहारी वाजपेयींना दिल्लीत भेटायला गेले होते, ही गोष्ट तिकडे कुणीही सांगतं, आणि जो तो थोडं वेगळं सांगतो. २००२ च्या मेमध्ये वाजपेयींनी जोडरस्त्याची कोनशिला बसवली, प्रत्यक्ष खोदकामाची २०१० मध्ये बसली. सेरी नाल्याखालच्या ५८७ मीटरनी पाण्या-चिखलासकट सगळ्यांना वर्षानुवर्षं रडवलं. डोंगराच्या पोटातही पाणीच आडवं आलं, हे आप्पांना आवडलं असतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो. मनालीत आलू पराठे खाऊन निघालो. बोगद्यात शिरलो, दिव्यांच्या रांगा बघत बसलो, आणि मोबाइलवरचं एक गाणं आणि दुसऱ्याचं अर्धं संपेस्तोवर लाहौलमध्ये. सिस्सूला पर्यटकांची झुंबड, भाड्याचे गमबूट, टायरवरून घसरणारी मुलं, मॅगी. चालक म्हणाला, सणांच्या दिवसांत गावं आता पर्यटन बंद ठेवायला लागली आहेत. बरोबर आहे. बारशाला घरात गर्दी झाली तर आपणही दार लोटतोच.

मेमे दारात होते. ऐंशी ओलांडलेली, कान गेलेले, कंबर वाकलेली. मला ओळखलं की नाही कळलं नाही. 'जुले' झालं.

"किती वाजता निघालात?"

"साडेनऊला."

त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग नातवाकडे. नातू ओरडून म्हणाला, "मेमे, टनल!" "माहीत आहे टनल," ते चिडून म्हणाले. त्या दुपारी तीनच्या सुमाराला तांदीच्या अलीकडे उन्हानं सुटलेला बर्फ रस्त्यावर आला आणि माझ्यामागच्या गाड्या रात्रभर अडकल्या. नातवानं ही बातमी त्यांना सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे दाखवायला कुलूला न्यायचं होतं, माझ्याच गाडीतून. दहाला निघायचं ठरलं. रात्री मला जाग आली ती खालच्या खोलीतल्या उजेडानं. जिन्यातून वाकून पाहिलं. पावणेतीन वाजले होते. तंदूर पेटवलेला होता, आणि मेमे त्याच्या शेजारी कोट, टोपी घालून, मांडीवर गाठोडं ठेवून, बुटांच्या नाड्या बांधून बसले होते.